नमुना सही

शुक्रवारी संध्याकाळी बाबांच्या ब्रीफकेसमधून त्यांचा शिक्का आमच्या घरी मुक्कामाला यायचा आणि सोमवारी सकाळी परत ऑफिसला जायचा. लाकडी मुठीचा साधा रबरी शिक्का, त्यावर बाबांचं नाव, हुद्दा आणि खात्याचं नाव. मधले दोन दिवस, काम नसेल तेव्हा, तो लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात कुलूपबंद असायचा आणि किल्ली बाबांच्या बंडीच्या खिशात. आई म्हणायची, ही माझी सवत आहे. फरक एवढाच की हिला भांडी घासावी लागत नाहीत.

बाबा राजपत्रित अधिकारी होते, आमच्या सगळ्या गोतावळ्यातले पहिले. आजोबा नागपूरला कापडगिरणीत कामाला होते. त्यांच्या वस्तीत कुणाला कागदावर साहेबाची सही हवी असली की लोक मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवायचे. त्या वस्तीतून निघालेला मुलगा दिल्लीत साहेब झाला, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका कार्यालयात त्याला स्वतःची केबिन मिळाली आणि त्याची सही लोकांच्या कागदांवर चालू लागली. बाबा हे कधी बोलून दाखवत नसत. पण शिक्का हातात घेण्याआधी ते शर्टाच्या बाह्या ज्या तऱ्हेने सारख्या करायचे त्यावरून मला ते कळायचं.

रविवारी सकाळी आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये करोल बागेतून मुलं यायची. स्पर्धा परीक्षांच्या तयारीला महाराष्ट्रातून आलेली. कुणी बीडचा, कुणी यवतमाळचा, कुणी चंद्रपूरची. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळी. फॉर्मला मार्कशीटच्या आणि जातीच्या दाखल्याच्या अटेस्ट केलेल्या प्रती लागायच्या, आणि परक्या गावात त्यांच्या ओळखीचा राजपत्रित अधिकारी कुठून असणार? एकाने दुसऱ्याला आमचा पत्ता दिला, दुसऱ्याने अख्ख्या हॉस्टेलला. आई मोठ्या कढईत पोहे टाकायची. "काकू, बिल्कुल घरच्यासारखे," असं म्हणत मुलं पुन्हा ताटली पुढे करायची आणि आईची कळी खुलायची.

खोळंबा व्हायचा तो बाबांच्या पद्धतीमुळे. आधी ओरिजिनल समोर ठेवायचं, शेजारी झेरॉक्स. मग बाबा चष्मा लावून डाव्या हाताचं बोट ओरिजिनलवर आणि उजव्या हाताचं बोट झेरॉक्सवर ठेवत ओळ न ओळ वाचायचे. आईचं नाव, रोल नंबर, खालची तारीख, काही सुटायचं नाही. शेजारच्या क्वार्टरमधले दुसरे एक साहेब टीव्ही बघता बघता गठ्ठ्याच्या गठ्ठा शिक्के मारून द्यायचे. आमच्याकडे मात्र एका मार्कशीटला चहाचा कप गार व्हायचा.

एकदा परभणीचा एक मुलगा नुसतीच झेरॉक्स घेऊन आला. ओरिजिनल गावी राहिलं होतं आणि फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मुलगा रडायच्या बेताला आला. आईने डोळ्यांनी खुणावलं, मीही म्हटलं, जाऊ द्या ना बाबा, चेहऱ्यावरून खोटा वाटतो का तो? बाबांनी त्याला जेवू घातलं, पण सही केली नाही. तो गेल्यावर आईने भांडी आपटली. बाबा तिला एवढंच म्हणाले, "मी सही करतो म्हणजे मी पाहिलं असं सांगतो. पाहिलंच नाही, तर पाहिलं असं कसं सांगू?"

त्या दिवशी मला बाबांचा भयंकर राग आला होता. माझा स्वभाव बाबांसारखा शांत नाही, राग माझ्या नाकावरच असतो. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

बाबांची इच्छा होती की मीही करोल बागेतल्या मुलांसारखी परीक्षा द्यावी. मी कॉम्प्युटर इंजिनियर झाले आणि गुडगावला एका खाजगी कंपनीत लागले. तेव्हा गुडगावमध्ये रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये म्हशी चरत होत्या. आमच्या ऑफिसात गालिचे होते, कॉफीचं मशीन होतं आणि दिवसातून अनेकदा वीज जायची की जनरेटर घरघरायला लागायचा. माझा पगार बघून नातेवाइकांचे डोळे विस्फारले. बाबांचे नाही. कुणी विचारलं, मुलगी काय करते, की बाबा म्हणायचे, "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करते." आणि विषय बदलायचे.

ते 'काहीतरी' मला फार लागायचं. पगाराचं, काचेच्या इमारतीचं कौतुक मला नको होतं. माझं काम हे काम आहे, त्यांच्यासारखंच जबाबदारीचं काम आहे, हे मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पण समजावून सांगायला बसले की माझी चिडचिड व्हायची. बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "पण पेन्शन?"

काम काय होतं ते सांगते. मानेसरला मोटारींचा एक मोठा कारखाना होता आणि त्याला भाग पुरवणारे अनेक लहान कारखानदार. कुणी आरसे करायचा, कुणी सीटचा फोम, कुणी नुसते रबरी वायसर. कुणाचा माल कधी हवा, ट्रक कुठल्या गेटने आत घ्यायचा, बिल कुठवर आलं, हे पूर्वी फोनवर आणि फॅक्सवर चालायचं. आम्ही त्याची वेबसाइट केली. कारखानदाराने सकाळी एकदा पासवर्ड टाकून आत यायचं, की आमचं मशीन त्याला एक टोकन द्यायचं. टोकन म्हणजे चिठ्ठीच. हा अमुक कारखानदार, याला हे हे बघायची परवानगी, आणि ही चिठ्ठी आज संध्याकाळपर्यंत चालेल. मग हीच चिठ्ठी गोदामाच्या मशीनला दाखवायची, बिलांच्या मशीनला दाखवायची, गेटच्या मशीनला दाखवून ट्रकचा नंबर चढवायचा. नंबर चढला नाही तर गेट उघडायचं नाही.

आता अशी चिठ्ठी कुणीही घरी बसून लिहील. म्हणून तिच्यावर सही लागते. सही करायची गुप्त किल्ली आमच्या एकाच मशीनमध्ये होती आणि ते मशीन कुलूप लावलेल्या खोलीत. सही ओळखायची खूण म्हणजे सर्टिफिकेट, ते मात्र सगळ्या मशीनना वाटून टाकायचं. गेटच्या मशीनला त्यावरून सही खरी की खोटी ते कळतं, पण तशी सही त्याला स्वतःला करता येत नाही. हा सगळा भाग मी बांधला होता आणि मला त्याचा गर्व होता. गुप्त किल्ली कुणी मागितली, अगदी आमच्याच टीममधल्या कुणी 'फक्त टेस्टिंगला' म्हणून मागितली, तरी मी देत नसे. ऑफिसात मला हवालदारीण म्हणायचे. मी हसत नसे, त्यामुळे ते नाव आणखी पक्कं झालं.

सर्टिफिकेटला मुदत असते. ती संपायच्या आत नवी किल्ली आणि नवं सर्टिफिकेट आणावं लागतं. पहिल्या वर्षी हा बदल आमच्या वरिष्ठांनी मला न विचारता एका झटक्यात केला. सही नव्या किल्लीने सुरू झाली, पण अर्ध्या मशीनकडे अजून जुनंच सर्टिफिकेट होतं. त्यांनी नवी सही ओळखलीच नाही. मानेसरच्या गेटबाहेर ट्रकची रांग हायवेपर्यंत गेली, आतली असेंब्ली लाइन थांबली, आणि कारखान्याच्या साहेबांनी आमच्या मॅनेजरला जे काही सुनावलं ते तो पुढे वर्षभर विसरला नाही.

मॅनेजर दिल्लीचाच पंजाबी माणूस, मनाने चांगला, पण त्या प्रसंगापासून त्याने सर्टिफिकेटचा धसकाच घेतला होता. दुसऱ्या वर्षी मुदत जवळ आली तेव्हा त्याने मीटिंगमध्ये तोडगा काढला. बदलाच्या दिवशी सगळ्या मशीनमधली सहीची तपासणीच बंद ठेवायची. चिठ्ठी आली की घ्यायची. दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा चालू.

"एक दिन की बात है यार, किसको पता चलेगा?" तो म्हणाला.

माझ्या तोंडून बाबांचं वाक्य हिंदीत बाहेर पडलं. "सर, देखा ही नहीं, तो कैसे कह दें कि देखा है?"

मग मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, तू सांग दुसरा मार्ग. ट्रक एकही अडायला नको, तपासणीही बंद नको. मार्ग सुचला नाही तर तपासणी बंद. मी तावातावाने हो म्हटलं आणि जागेवर येऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे मार्ग नाही. एवढी वेगवेगळ्या लोकांची मशीनं एकाच क्षणी कशी बदलायची?

त्याच दिवसांत बाबा रिटायर होत होते. करोल बागेतली मुलं हवालदिल झाली होती. एकाने भीत भीत विचारलंही, सर, थोड्या कोऱ्या कागदांवर सही-शिक्का करून ठेवता का, फॉर्म पुढच्या महिन्यात निघतायत. बाबा त्याच्यावर रागावले नाहीत, चष्मा काढून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बिचारा स्वतःच सॉरी म्हणाला.

ऑफिसात बाबांच्या सहीने बिलं पास व्हायची आणि पैसे काढणाऱ्या लेखा कार्यालयात जायची. बाबांच्या जागी एक बाई येणार होत्या. जेवताना बाबा आईला सांगत होते की आज त्यांची नमुना सही लेखा कार्यालयाला पाठवली. आईने विचारलं, त्या अजून खुर्चीवर बसल्या नाहीत, तर सही आत्ताच कशाला? बाबा म्हणाले, म्हणून तर. त्या बसायच्या आधी त्यांची सही तिथे ओळखीची झाली पाहिजे. नव्या माणसाच्या सहीचा नमुना जातो आणि त्याच्याखाली जुना माणूस लिहून देतो की ही सही यांचीच. जुन्याला तिथे सगळे ओळखतात, म्हणून नव्यावर विश्वास बसतो.

मी घास हातात धरून विचारलं, "आणि तुमचा नमुना? तो काढून टाकतात?"

"लगेच कसा काढतील?" बाबा म्हणाले. "मी खुर्चीवर असताना सही केलेली बिलं अजून वाटेत असतात. ती पोचेपर्यंत माझाही नमुना फाइलला राहतो."

मी ताटावरून उठले. आई ओरडली, अगं भात राहिला. मला भात सुचत नव्हता. वर्षानुवर्षं हे आमच्या घरात बोललं जात होतं आणि मी ते सरकारी रटाळ बोलणं म्हणून या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होते.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला घेऊन मानेसरला गेले. कारखान्याच्या लोकांपुढे मी सांगितलं की काहीही एका क्षणी बदलायचं नाही. आधी नवं सर्टिफिकेट सगळ्यांकडे पाठवायचं, आणि ते खरं आहे हे आपल्या जुन्या किल्लीने सही करून कळवायचं, कारण जुनीला सगळी मशीनं ओळखतात. प्रत्येक मशीनमध्ये जुनं आणि नवं दोन्ही सर्टिफिकेटं शेजारी शेजारी ठेवायची. सगळीकडे नवं पोचलं याची खात्री झाली की मगच सही नव्या किल्लीने सुरू करायची. जुन्या सहीच्या चिठ्ठ्या संपल्या की जुनं काढायचं. तपासणी एक मिनिटसुद्धा बंद नाही.

कॉम्प्युटरवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण कोपऱ्यात बसलेले कारखान्याचे अकाउंट्सचे प्रमुख मान हलवायला लागले. बँकेत चेकवर सही करणारा साहेब बदलला की आम्ही हेच करतो, ते म्हणाले, यात नवीन काय आहे? मी म्हटलं, काहीच नाही. मॅनेजरने परतीच्या वाटेवर मला बजावलं की ठीक, कर, पण एक ट्रक जरी अडला तरी तुझी पद्धत तिथेच बंद आणि पुढची सर्टिफिकेटं तपासणी बंद ठेवून बदलली जातील.

नवी सर्टिफिकेटं वाटायला सुरुवात झाली. आणि बाबांचा निरोप समारंभ आला.

ऑफिसच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, समोसे होते, बाबांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. आईने ठेवणीतली पैठणी नेसली होती. मी सुट्टी घेतली होती. साहेब लोक बाबांबद्दल चांगलं बोलत होते आणि बाबा संकोचाने हाराची फुलं चाचपत होते. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला. मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला.

मॅनेजर होता. मानेसरच्या गेटचं मशीन सकाळपासून एकही चिठ्ठी घेत नव्हतं. ट्रक बाहेर उभे होते. मला कळेना, सही तर अजून जुन्याच किल्लीने चालू होती. मी गेटच्या मशीनचं कंत्राट असलेल्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो तरुण इंजिनियर अभिमानाने म्हणाला, मॅडम, तुमचं नवं सर्टिफिकेट कालच चढवलं, आणि जुनं डिलीट करून सगळं साफ केलं.

सूचनेत मी ठळक लिहिलं होतं, दोन्ही ठेवा. पण आपल्याकडे नवीन आलं की जुनं फेकायची सवय आहे, त्याला मी तरी काय करणार. मी म्हटलं, जुनं परत चढव, मी मेल करते. तो म्हणाला, मॅडम, नव्याबरोबर जुन्या किल्लीची सही होती म्हणून चढवलं. आता ती सही ओळखायला जुनं सर्टिफिकेटच नाही, आणि नुसत्या मेलवर, फोनवरच्या आवाजावर मी गेटच्या मशीनमध्ये काही घालणार नाही. तुम्ही स्वतः या. मला भयंकर संताप आला. आणि त्या इंजिनियरचं बरोबर होतं, त्यामुळे संताप आणखी वाढला.

मॅनेजरचा पुन्हा फोन. तो म्हणत होता, मी गेटवाल्यांना सांगतो, तपासणी बंद करा. मी म्हटलं, मला तिथे पोचू द्या. तो म्हणाला, लाइन जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू होईल, त्याच्या आत.

मी वळले तर बाबा व्हरांड्यात उभे होते. गळ्यात हार तसाच. मागून आई येत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आता माझी खैर नाही. आत बाबांचं भाषण व्हायचं होतं. मी बाबांना काय सांगणार होते? पेन्शन नसलेल्या नोकरीसाठी त्यांच्या आयुष्यातला हा दिवस सोडून चालले, हे? मी त्यांच्याच भाषेत सांगितलं.

"बाबा, नव्या अधिकाऱ्याचा नमुना पोचला, आणि त्यांनी जुन्याचा फाइलमधून काढून टाकला. जुन्याच्या सहीची बिलं परत येतायत."

बाबांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल काळजी बघितली. "असं कसं केलं त्यांनी?" ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि तू इथे काय करतेस? जा."

आई म्हणाली, अहो, भाषण? बाबा म्हणाले, भाषण काय, मी तिला घरी म्हणून दाखवीन.

त्यांनी स्वतः खाली येऊन मला टॅक्सी करून दिली. धौला कुआंच्या पुढे हायवेवर उड्डाणपुलांचं काम चालू होतं, सगळीकडे धूळ आणि वळवलेले रस्ते. ड्रायव्हरला मी घाई कर म्हणून इतकं पिडलं की शेवटी तो म्हणाला, मैडम, आप चला लो. मानेसरला पोचले तर ट्रकची रांग वळणाच्या पलीकडे गेली होती. गेटवरचे सिक्युरिटीचे साहेब मला म्हणाले, सगळे ओळखीचे ड्रायव्हर आहेत, सोडून देतो. मी म्हटलं, थोडं थांबा.

कंत्राटी इंजिनियरने माझं ओळखपत्र बघितलं, फोटो आणि माझा चेहरा दोनदा ताडून पाहिला. मग त्याने विचारलं, हेच ते जुनं सर्टिफिकेट हे कशावरून? प्रत्येक सर्टिफिकेटची अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते, त्याच्या अंगठ्याच्या ठशासारखी. गेल्या वर्षीच्या गोंधळानंतर या सर्टिफिकेटची ओळ मी अकाउंट्सच्या प्रमुखांकडे छापून दिली होती. ते स्वतः तो कागद घेऊन गेटवर आले. मी कागदावर डाव्या हाताचं बोट ठेवलं, स्क्रीनवर उजव्या हाताचं, आणि अक्षर न अक्षर मोठ्याने वाचत गेले. मॅनेजर एव्हाना येऊन मागे उभा होता आणि सारखा घड्याळ बघत होता. मी वेग वाढवला नाही. वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं की मी कशी उभी आहे, आणि मला तिथे, त्या धुळीत, ट्रकच्या हॉर्नांमध्ये, बाबांचा फार अभिमान वाटला. पुढची अक्षरं वाचायला मला पाणी मागावं लागलं.

ओळ जुळली. जुनं सर्टिफिकेट नव्याच्या शेजारी चढलं. कुणी काही म्हणायच्या आत पहिल्या ट्रकचा नंबर मशीनने घेतला आणि गेटचा दांडा वर गेला. लाइन वेळेवर सुरू झाली. काही ट्रक सकाळपासून अडले होते, हे खरं, आणि मॅनेजर मला त्याच्या अटीची आठवण करून देणार असं मी धरून चालले होते. पण तो म्हणाला, तपासणी बंद ठेवायची ती मीटिंग विसरून जा. पुढच्या आठवड्यात सही नव्या किल्लीने सुरू झाली त्या दिवशी मानेसरला कुणाला काही कळलंसुद्धा नाही. मी जागेवर बसून वाट बघत होते आणि एकही फोन आला नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

समारंभाच्या दिवशी मी घरी परतले तेव्हा बाबा हार काढून गॅलरीत बसले होते. शिक्का ऑफिसात जमा झाला होता. नियमाप्रमाणे त्याचा रबर कापून टाकला होता. बाबांनी विचारलं, जुना नमुना परत फाइलला लागला का? मी म्हटलं, लागला. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि मला आणि आईला खरोखरच आपलं भाषण वाचून दाखवलं. आई हसत हसत रडली.

क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. नव्या भिंतींना रंगाचा वास होता आणि खाली अजून रस्ताही नीट नव्हता. मेट्रो नुकतीच सुरू झाली होती, आणि एका रविवारी करोल बागेतली मुलं तिने थेट आमच्या दारात हजर. सही मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. आईने कढई काढली. बाबांनी कुणाकडे अटेस्ट करून घ्यायचं ते सांगितलं, आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना मी फोन करून ठेवला आहे, पण ओरिजिनल न्या, असंही बजावलं.

त्यांच्यात एक नवा मुलगा होता, वर्ध्याचा. मी चहा घेऊन आले तेव्हा त्याने सहज विचारलं, सर, ताई काय करतात?

मी ट्रे टेबलावर ठेवला. 'काहीतरी' ऐकायची मला सवय होती. बाबांनी मला विचारलं, "तुझी ती गुप्त किल्ली कुठे असते?"

"कुलपात, बाबा."

"कुणाला दिली नाहीस ना?"

"नाही."

बाबा त्या मुलाकडे वळले. त्यांनी नुसत्या बोलण्याआधी कधी केलं नव्हतं ते केलं, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "ही अटेस्ट करते," ते म्हणाले. "मी करायचो तेच. हिने पाहून सही केल्याशिवाय मानेसरच्या कारखान्यात ट्रक आत जात नाही."

पाहणारी मी नव्हते, मशीन होतं. सहीही मशीनच करतं. दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी तिथल्या तिथे त्याची चूक काढली असती, माझा स्वभावच तसा आहे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, एक सवत गेली, तर दुसरी माझ्याच पोटी निघाली. मुलं हसली. मी साखर आणायला म्हणून आत गेले. साखर ट्रेमध्येच होती.